आवार एक, मालक अनेक

एकाच आवारात अनेक मालकांची माणसे काम करत असतील तर सुरक्षेची जबाबदारी ठरवताना पहिला प्रश्न बहुधा हाच विचारला जातो: जखमी झालेला माणूस कोणाचा? त्याचे नाव कोणाच्या हजेरीपटावर, मजुरी कोणाकडून, ठेकेदार कोण. नुकसानभरपाईपुरता हा प्रश्न रास्त आहे. अपघात टाळण्याच्या दृष्टीने तो जवळजवळ निरुपयोगी आहे. उघडी वायर, तुटका कठडा, कार्टनांनी बुजलेला जिना यांना हजेरीपट कळत नाही. सुरक्षेची जबाबदारी धोक्यावर ज्याचा ताबा त्याच्याकडे गेली पाहिजे. आणि ताबा पाच जणांचा असेल तर ती पाचही जणांवर एकाच वेळी असली पाहिजे. भारतीय कायद्यात हे तत्त्व तुकड्यातुकड्यांनी आलेले आहे. प्रत्यक्षात ते कुठे निसटते, हे सुरतच्या बमरोलीसारख्या भागात स्पष्ट दिसते.

बमरोली हा पांडेसरा औद्योगिक वसाहतीच्या शेजारी वाढलेला यंत्रमागांचा भाग. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आणि खानदेशातून आलेली माणसे इथे माग चालवतात. धुळे, नंदुरबार, जळगावकडची मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या पट्ट्यात पिढ्यांपासून वसलेली आहेत. मागाच्या शेडला इथे ‘खाता’ म्हणतात, मालकाला शेठ. माग दुरुस्त करणारा आणि कारागिरांवर लक्ष ठेवणारा तो मास्तर. एका आवारात असे कितीतरी खाते शेजारीशेजारी, काही ठिकाणी एकावर एक. जमीन आणि इमारत एकाची, गाळे भाड्याने घेतलेले दुसऱ्यांचे. सूत ज्याचे तो व्यापारी रिंग रोडच्या मार्केटमध्ये बसून कापड जॉबवर विणून घेतो. कारागीर आणणारा मास्तर किंवा ठेकेदार वेगळा, ताके उचलणारे हमाल टेम्पोवाल्याचे, आणि मीटरबोर्ड दुरुस्त करणारा वायरमन कोणाचाच नाही, बोलावले की येणारा. कारागिराची मजुरी मीटरवर ठरते, पाळी बारा तासांची असते. त्यातही एका छताखालचे माग कागदावर तीन-चार नावांनी वाटलेले असतात: काही शेठच्या, काही पत्नीच्या, काही भावाच्या नावावर. मधे भिंत नसते, मास्तरही एकच असतो. नोंदणी तेवढी वेगळी.

समजा, अशा एका आवारात माल चढवण्याची लिफ्ट आहे. वरच्या मजल्यावर तिच्या जाळीच्या दरवाजाची कडी लागत नाही, त्यामुळे पिंजरा तळाला असतानाही दरवाजा उघडतो. लिफ्ट इमारतमालकाची, तिचे वीजबिल आणि देखभाल गाळेधारकांच्या सोसायटीकडे, वापर सगळ्यांचा. कडी एका गाळेधारकाच्या माणसांनी कार्टन ढकलताना मोडलेली आहे. संध्याकाळी पाळी बदलताना गर्दी होते, टेम्पोवाल्याचा हमाल खांद्यावर ताका घेऊन मागे सरकतो, दरवाजा त्याच्या पाठीने उघडतो आणि तो खड्ड्यात पडतो. हा हमाल इमारतमालकाचा नोकर नाही, सोसायटीचा नाही, ज्या खात्यातून ताका उचलला त्या शेठचाही नाही. ‘माणूस कोणाचा’ या प्रश्नाचे उत्तर इथे टेम्पोवाला असे येते, म्हणजे ज्याला कडी मोडल्याचे माहीत नव्हते आणि माहीत असते तरी ती बदलण्याचा अधिकार नव्हता. बाकी सगळे मोकळे सुटतात, आणि कडी तशीच राहते.

या कोड्याचे सर्वांत नेटके विश्लेषण अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा यंत्रणेने डिसेंबर १९९९ मध्ये काढलेल्या निर्देशात सापडते. त्यात सामायिक जागेवरच्या मालकांच्या चार भूमिका मानल्या आहेत: धोका निर्माण करणारा, आपल्या माणसांना त्या धोक्यात पाठवणारा, धोका दूर करण्याचे काम ज्याच्या अंगावर आहे तो, आणि सगळ्या जागेवर देखरेखीचा अधिकार असलेला. एकाच मालकाकडे यातल्या दोन-तीन भूमिका येऊ शकतात. धोका निर्माण करणाऱ्याची सुटका केवळ ‘माझा एकही माणूस तिथे नव्हता’ एवढ्याने होत नाही. माणसे पाठवणाऱ्याला दोष स्वतः दुरुस्त करता येत नसेल, तर त्याने दुरुस्तीची मागणी करायची, माणसांना सावध करायचे, पर्यायी संरक्षण द्यायचे. जिवावरचा धोका असेल तर त्यांना तिथून काढून घ्यायचे. देखरेख करणाऱ्याकडून स्वतःच्या माणसांसाठी असते तितक्या बारीक तपासणीची अपेक्षा नसते, पण वाजवी काळजीची असते.

लिफ्टच्या उदाहरणाला हे लावले की चित्र पालटते. कडी मोडणारा गाळेधारक धोका निर्माण करणारा. देखभाल घेतलेली सोसायटी दुरुस्तीला बांधलेली, आणि आवाराची चावी तिच्याकडे असल्याने देखरेखीलाही. इमारतमालकाचा हात त्याच्या यंत्रापर्यंत पोहोचतो. आपला ताका त्या लिफ्टने उतरवायला लावणारा शेठ आणि हमाल पाठवणारा टेम्पोवाला, दोघांनीही माणसाला धोक्यात पाठवले. टेम्पोवाल्याचे कर्तव्य राहतेच, पण त्याच्या आवाक्याइतके: आपला माणूस कुठे काम करणार आहे ते एकदा जाऊन पाहणे, आणि दरवाजा लागत नसेल तर माल जिन्याने उतरवण्याचा आग्रह धरणे.

इथे जबाबदारीची टक्केवारी काढण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. भरपाईची रक्कम वाटून घेता येते; काळजीचे कर्तव्य वाटून घेता येत नाही. पाच जणांनी कडीची वीस-वीस टक्के जबाबदारी घेतली तर कडी कोणीच लावणार नाही, कारण प्रत्येकाला उरलेल्या ऐंशी टक्क्यांचा भरवसा असतो. आपल्या ताब्याच्या मर्यादेत प्रत्येकाचे कर्तव्य पूर्ण आहे, असे धरले तरच कोणीतरी एक जण दुरुस्ती करतो, आणि एकाने केली तरी काम होते.

भारतीय कायद्याची बांधणी वेगळ्या वाटेने झाली. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने भोगवटादार ही व्यक्ती मध्यभागी ठेवली: कारखान्याच्या कारभारावर ज्याचे अंतिम नियंत्रण, तो भोगवटादार. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कंपनीच्या बाबतीत संचालकांपैकीच एक भोगवटादार मानला जाईल, असे ठरवले. जे. के. इंडस्ट्रीज प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद उचलून धरली, त्यामुळे एखादा व्यवस्थापक पुढे करून संचालकांनी मागे राहण्याची वाट बंद झाली. एका मालकाच्या मोठ्या कारखान्यासाठी ही रचना भक्कम आहे. अनेक मालकांच्या आवारात मात्र ‘अंतिम नियंत्रण’ एका जागी सापडतच नाही, आणि एकच नाव शोधणारा कायदा तिथे अडखळतो.

ही अडचण कायदा करणाऱ्यांनी ओळखली नव्हती असे नाही. त्याच अधिनियमाचे कलम ९३ नेमके याच प्रश्नावर होते, आणि त्याची चर्चा फारच कमी झाली. एका आवारातल्या वेगवेगळ्या इमारती वेगवेगळ्या भोगवटादारांना कारखान्यांसाठी भाड्याने दिल्या असतील, तर रस्ते, सांडपाणी, पाणी, दिवे अशा सामायिक सोयी जागामालकाने राखायच्या असत. मजले किंवा स्वतंत्र गाळे दिले असतील तर जिने आणि सामायिक वाटा, आगीविरुद्धची खबरदारी, मालकाच्या यंत्रांभोवतीचे कुंपण, लिफ्टची देखभाल यांबद्दल जागामालक स्वतः भोगवटादार असल्याप्रमाणे जबाबदार असे. सामायिक सोयी असलेल्या खोल्यांच्या बाबतीत तर कामगारांची संख्या मोजताना सगळे आवार एकच कारखाना धरावे, असेही त्यात म्हटले होते. बमरोलीच्या आवारांसाठी याहून चांगला आरंभ शोधून सापडणार नाही.

पण कलमाची दोरी एका शब्दाला बांधलेली होती: गाळे ‘कारखान्यां’साठी दिलेले असायला हवे होते. या अधिनियमानुसार विजेवर चालणारी जागा दहा किंवा अधिक कामगार असतील तरच कारखाना ठरत असे. चाळीस कामगारांचा खाता कागदावर पाच नावांत वाटला की प्रत्येक नावाला आठ माणसे येतात. मग कारखाना नाही, म्हणून भोगवटादार नाही, म्हणून जागामालकावरचे कलमही नाही. नोंदणीच्या एका वाटणीने जबाबदारीचे सगळे मजले एकदम कोसळतात. एरवी तारतम्याने वागणारी माणसेही ही वाटणी सर्वांनीच केलेली व्यावहारिक सोय म्हणून स्वीकारतात. तिचा परिणाम मात्र सोयीचा नाही: दोनशे माग धडधडत असलेल्या आवारात आग लागली तर बाहेर पडायची दुसरी वाट ठेवायला या कायद्याने कोणीच बांधलेले नसते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात लागू झालेल्या चार कामगार संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ने १९४८ च्या अधिनियमाची जागा घेतली आणि कारखान्याची ही मर्यादा विजेवरच्या कामासाठी वीस कामगारांवर नेली. मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये दहा कामगारांच्या आस्थापनेपासून लागू होतात, हे खरे. मालकाच्या कामाच्या जागेवर त्याच्या माहितीने वा माहितीविना असलेल्या कोणाही माणसाच्या सुरक्षेची जबाबदारी त्याच्यावर आहे, असे या संहितेने स्पष्ट म्हटले, ही मोलाची भर आहे. टेम्पोवाल्याचा हमाल तिच्यात पुरता बसतो. पण मोजणी अजून नावागणिकच होते. सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती साधारण कारखान्यात पाचशे कामगारांपासून सुरू होते. एका आवारात चाळीस गाळ्यांत मिळून सहाशे माणसे राबत असतील तरी तिथे एकही सुरक्षा अधिकारी येणार नाही, कारण ती सहाशे माणसे कायद्याच्या नजरेत कधी एकत्र येतच नाहीत. कामगारांची मोजणी आवारागणिक करणे, निदान बाहेर पडण्याच्या वाटा, वीज, आग आणि लिफ्ट या चार बाबींपुरती, ही या क्षेत्रातली सर्वांत निकडीची सुधारणा आहे. तिचे बीज १९४८ च्या कलम ९३ मध्येच होते.

दुसरी गाठ कंत्राटी कामाची. १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने कॅन्टीन, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार आणि थकलेली मजुरी यांची अंतिम जबाबदारी मुख्य मालकावर टाकली. भरपाईच्या १९२३ च्या अधिनियमाचे कलम १२ सांगत होते की मुख्य मालकाच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेले काम कंत्राटदाराकडून करून घेताना कामगार जखमी झाला, तर भरपाई मुख्य मालकाकडूनही मागता येते. त्याने ती मग कंत्राटदाराकडून वसूल करावी. म्हणजे अपघातानंतरच्या पैशाची सोय शंभर वर्षांपूर्वीच झाली होती. अपघाताआधीच्या देखरेखीची मात्र उलटीच गोष्ट झाली.

सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या स्टील अथॉरिटी निकालानंतर कंत्राट खरे की दिखाऊ, हा वादाचा मुख्य मुद्दा बनला. कामावर देखरेख आणि नियंत्रण कोणाचे, ही त्याची एक महत्त्वाची कसोटी. परिणामी मुख्य मालकांना सर्रास सल्ला मिळू लागला की कंत्राटी कामगाराला थेट सूचना देऊ नका, नाहीतर उद्या तो तुमचाच ठरेल. सुरक्षेचे काम तर सूचनेवाचून होतच नाही. हेल्मेट घाल, आधी वीज बंद कर, या टाकीत उतरू नकोस, हे ज्याला धोका ठाऊक आहे त्यानेच सांगायचे असते. आणि कारखान्यातला धोका मुख्य मालकाला कंत्राटदाराहून जास्त ठाऊक असतो. विमानतळ प्राधिकरणाच्या २००९ च्या प्रकरणात न्यायालयाने कंत्राटदाराचे प्राथमिक नियंत्रण आणि मुख्य मालकाचे दुय्यम नियंत्रण असा फरक केला आणि दुय्यम नियंत्रणाने कामगार मुख्य मालकाचा ठरत नाही, असे म्हटले. सुरक्षेसाठी दिलेली सूचना हा नोकरीच्या नात्याचा पुरावा धरला जाणार नाही, अशी एक ओळ कायद्यात घातली तर गप्प राहण्याचे हे निमित्त संपेल.

विखुरलेल्या ताब्याची किंमत बमरोलीपासून जवळच असलेल्या सचिन औद्योगिक वसाहतीत दोनदा दिसली. २९ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे तिथल्या एका रसायन कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. दुसऱ्या दिवशी सात मृतदेह सापडले. त्यांपैकी एक कंपनीचा कर्मचारी होता, उरलेले सहा कंत्राटी कामगार. रसायनाची, टाकीची, प्रक्रियेची माहिती एका मालकाकडे आणि तिथे वावरणारी बहुतेक माणसे दुसऱ्याची, ही रचना सबंध दक्षिण गुजरातच्या रसायनपट्ट्यात रोजची आहे.

त्याआधी ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे त्याच वसाहतीत एका टँकरमधून रासायनिक टाकाऊ द्रव नाल्यात सोडला जात असताना विषारी वायू पसरला. शेजारच्या रंगाई-छपाई गिरणीतल्या कामगारांसह सहा जण मेले, अनेक रुग्णालयात गेले. तपासाचा माग महाराष्ट्रातल्या औद्योगिक पट्ट्यापर्यंत पोहोचला. मेलेल्यांच्या मालकाचा या धोक्याशी काहीही संबंध नव्हता. धोका निर्माण करणारे शेकडो किलोमीटर दूर होते, तो वाहून आणणारे आणखी वेगळे, आणि नाला वसाहतीचा. ‘माणूस कोणाचा’ हा प्रश्न इथे पूर्णपणे निकामी ठरतो. ‘टाकाऊ कोणाचा, टँकरला आत कोणी येऊ दिले, रात्री नाल्यावर नजर कोणाची’ हेच प्रश्न उपयोगी पडतात.

सामायिक इमारतीत एकाच्या निर्णयाने दुसऱ्याची माणसे कशी मरतात, याचे जगातले सर्वांत भीषण उदाहरण ढाक्याजवळच्या राणा प्लाझाचे. २३ एप्रिल २०१३ रोजी भिंतींना तडे दिसले. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपली माणसे घरी पाठवली. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांनी दुसऱ्या दिवशी कामगारांना परत बोलावले. २४ एप्रिलला इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे गेली. इमारतीचा दोष बँकेला दुरुस्त करता येत नव्हता, पण माणसे काढून घेणे तिच्या हातात होते, आणि तेवढे तिने केले. प्रत्येकाचे कर्तव्य त्याच्या आवाक्याइतके, या तत्त्वाचा अर्थ इतका ठोस आहे.

पांडेसऱ्याच्या रंगाई गिरण्यांत हाच प्रश्न वेल्डिंगच्या निमित्ताने रोज उभा राहतो. कापड सुकवणाऱ्या स्टेंटरच्या नळ्यांत तंतूंचा भुसा साचलेला असतो. पाइप जोडायला बाहेरचा वेल्डर येतो, त्याच्या शेजारी पॅकिंगचा ठेकेदार माणसे लावतो, आणि बॉयलरवर तिसऱ्याचा माणूस असतो. वेल्डरला भुशाची कल्पना नसते, पॅकिंगवाल्याला ठिणगीची. गरम कामाचा परवाना, म्हणजे हॉट वर्क परमिट, यासाठीच असतो: काम कुठे, किती वेळ, आधी काय साफ केले, आग विझवायला कोण उभा, आणि त्या जागेत काम करणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराची सही. पुष्कळ ठिकाणी तो एका सहीचा कागद उरलेला असतो, आणि ती सहीही काम झाल्यावर घेतात. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलमंचावर १६७ माणसे मेली, त्याच्या मुळाशी अशाच कागदाची हेळसांड होती. एका पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीसाठी काढलेली होती, काम कंत्राटदाराकडे होते, ही माहिती रात्रपाळीपर्यंत नीट पोहोचली नाही आणि पंप सुरू केला गेला. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांवर चालणाऱ्या सुरतेला हे दूरचे वाटू नये. पाळी बदलताना काय बंद आहे आणि का, हे एका मालकाच्या माणसाने दुसऱ्याच्या माणसाला तोंडी व लेखी सांगणे, हे सामायिक जागेवरचे सर्वांत स्वस्त संरक्षण आहे.

या सगळ्यावर लहान शेठ दोन आक्षेप घेतात, आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की सगळे जबाबदार म्हणजे कोणीच जबाबदार नाही. हे खरे ठरते, पण समन्वयाची भूमिका रिकामी राहिली तरच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ व्या कराराचे कलम १७ एका जागी अनेक उद्योग चालत असतील तर त्यांनी परस्परांशी सहकार्य करावे असे सांगते. ब्रिटनच्या १९९९ च्या कामगार-सुरक्षा नियमांचे अकरावे कलम त्यापुढे जाऊन सहकार्य, समन्वय आणि एकमेकांना धोक्यांची माहिती देणे ही तीन कामे प्रत्येक मालकावर टाकते. बमरोलीत ही जागा गाळेधारकांच्या सोसायटीने घेणे स्वाभाविक आहे. देखभालीचा निधी तीच गोळा करते, दिवे-पाण्याचे बिल भरते, फाटकावर माणूस बसवते. पैसे गोळा करण्याइतके नियंत्रण आहे पण जिना मोकळा ठेवण्याइतके नाही, हे म्हणणे टिकणारे नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. आठ मागांच्या शेठला सुरक्षा अधिकारी परवडत नाही, हे मान्य. पण इथे ज्या गोष्टी मागितल्या जात आहेत त्या बहुतेक सामायिक आहेत: एक जादा जिना, लिफ्टची कडी, मीटरबोर्डाभोवती मोकळी जागा, पाळीच्या वेळी एक जबाबदार माणूस. चाळीस गाळ्यांत वाटल्यावर हा खर्च फार राहत नाही. आणि वाटायचा तो खर्चच, कर्तव्य नव्हे. मुख्य खर्च ज्याच्यावर जायला हवा तो मात्र या हिशेबात येतच नाही. जॉबचा दर आणि माल देण्याची तारीख ठरवणारा मार्केटमधला व्यापारी बारा तासांच्या पाळीचा आणि वाटेत रचलेल्या ताक्यांचा खरा कर्ता असतो. त्याचा आवारावर ताबा नाही, म्हणून अपघाताचे कर्तव्य त्याच्यावर थेट लादता येत नाही; पण सुरक्षित वाटा नसलेल्या आवारातून माल न घेण्याची अट त्याच्यावर घालता येते.

उरतो पुराव्याचा प्रश्न. बमरोलीत पुष्कळ व्यवहार तोंडी चालतात, हजेरीपट अर्धवट असतात, कंत्राटाचा कागद नसतो. हजेरीपटावर आधारलेली चौकशी इथे कामगारालाच अडचणीत आणते, कारण आपण कोणाचे नोकर आहोत हे त्याला सिद्ध करता येत नाही. ताब्यावर आधारलेल्या चौकशीला पुरावे सहज मिळतात, कारण ताब्याच्या खुणा कागदावर आणि जागेवर दोन्हीकडे उरतात: भाडेपावती कोणाच्या नावाची, मीटर कोणाच्या नावावर, लिफ्टच्या देखभालीचे पैसे कोण देतो, मास्तरला मजुरीची रक्कम कोण मोजून देतो, मुख्य स्विचची चावी कोणाकडे, रात्री फाटक कोण लावतो. तीन नावांच्या तीन खात्यांना मास्तर एक, मीटरबोर्ड एक आणि हिशेबाची वही एक असेल, तर ताबाही एकच. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या निरीक्षकाने अपघातानंतरच्या पंचनाम्यात जखमीच्या मालकाच्या रकान्याशेजारी आणखी चार रकाने भरायला हवेत: धोका कोणी निर्माण केला, तो दूर करणे कोणाच्या हातात होते, माणसाला तिथे कोणी पाठवले, आणि आवारावर देखरेख कोणाची होती. एका रकान्यात दोन नावे आली किंवा एक नाव चारही रकान्यांत आले, तरी काही बिघडत नाही. रिकामा राहिलेला रकाना मात्र पुढच्या तपासणीत सर्वांत आधी भरून घ्यायचा, आणि अपघाताची वाट न पाहता.